बजेटमधली कार कशी निवडावी? आधी महिन्याचे किलोमीटर मोजा, मग शोरूम गाठा

कोपरगावसारख्या तालुक्याच्या गावात पहिली कार घेताना चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नापासून सुरू होते: "किती लाखांत बसते?" त्यानंतर रंग, सनरूफ, टचस्क्रीन आणि शेजाऱ्याने कोणती घेतली यावर बोलणे होते. गाडी महिन्याला किती किलोमीटर पळणार, हा प्रश्न बहुधा कोणीच विचारत नाही. पेट्रोल की सीएनजी, नवी की जुनी, हप्ता परवडेल की नाही, या सगळ्याचे उत्तर याच एका आकड्यावर ठरते.

हा आकडा काढणे अवघड नाही. गेल्या तीन महिन्यांत घरातून कुठे कुठे जाणे झाले ते कागदावर लिहावे. रोजचे शेत, दुकान किंवा नोकरी, शिर्डी, येवला किंवा संगमनेरच्या फेऱ्या, दवाखान्यासाठी नाशिक, मुले पुण्याला असतील तर वर्षातून चार-पाच वेळा पुणे. दुचाकीवरून आणि एसटीने होणारी कामे गाडी आल्यावरही तशीच होणार असतील, तर ती धरू नयेत. अनेक घरांत हा आकडा महिन्याला 400-500 किलोमीटरच्या पुढे जात नाही. शिर्डीला रोज नोकरीसाठी जाणारा किंवा तालुकाभर माल पोहोचवणारा माणूस मात्र सहज 1,500 किलोमीटर ओलांडतो. या दोघांनी एकच गाडी घेतली, तर दोघांपैकी एकाचा हिशोब चुकणार.

जाहिरातीतली किंमत आणि हातात पडणारी किंमत

22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्के झाला. त्याआधी 28 टक्के जीएसटी आणि वर सेस असा भार होता. छोटी गाडी म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोल-सीएनजीचे असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेलचे असेल तर 1500 सीसीपर्यंत. यापेक्षा मोठ्या गाड्यांवर 40 टक्के, तर इलेक्ट्रिक गाड्यांवर 5 टक्के जीएसटी आहे.

कपातीनंतर सर्वात खालच्या मॉडेलच्या एक्स-शोरूम किमती साधारण अशा होत्या: ऑल्टो के10 पावणेचार लाखांच्या आत, टियागो 4.60 लाखांच्या आसपास, वॅगनआर जवळपास 5 लाख, पंच साडेपाच लाख आणि डिझायर सव्वासहा लाख. किमती बदलत राहतात, त्यामुळे जायच्या दिवशी ताजा आकडा घ्यावा. जाहिरातीतली ही "पासून सुरू" किंमत ज्या मॉडेलची असते, ते शोरूममध्ये उभे असलेले मॉडेल बहुधा नसते. उभे असलेले मॉडेल एक-दीड लाखाने महाग असते.

या किमतीवर महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर लागतो. व्यक्तीच्या नावावरच्या, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के आणि डिझेलला 13 टक्के. सीएनजीचा दर 1 जुलै 2025 पासून एका टक्क्याने वाढून 8 टक्के झाला. म्हणजे सहा लाखांच्या पेट्रोल गाडीवर 66,000 रुपये कर. त्यात विमा, नोंदणी शुल्क, फास्टॅग धरले की सहा लाखांची गाडी रस्त्यावर येईपर्यंत सात लाखांची झालेली असते. घरातले बजेट सात लाख असेल, तर शोरूममध्ये सहा लाखांच्या पुढची गाडी पाहूच नये.

कोटेशनमध्ये "हँडलिंग" किंवा "लॉजिस्टिक" नावाची ओळ दिसली, तर ती कशाची, हे विचारावे आणि काढून टाकायला सांगावे. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असा नियम नाही. बाहेरून दोन कोटेशन आणली तरी शोरूमचा आकडा खाली येतो. मात्र नव्या कारसाठी तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावाच लागतो. 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंतच्या गाडीला तो 6,521 रुपये आणि 1000 ते 1500 सीसीला 10,640 रुपये आहे. इंजिन 998 सीसीचे आहे की 1197 सीसीचे, याचा असाही फरक पडतो.

सीएनजी कोणाला परवडते?

गावात सर्वात जास्त वाद याच मुद्द्यावर होतात. एक म्हणतो सीएनजी घे, पैसे वसूल. दुसरा म्हणतो डिकी गेली आणि पंपावर रांग लागली. दोघांचेही खरे असते, कारण दोघांचे किलोमीटर वेगळे असतात.

एक हिशोब करून पाहू. समजा, पेट्रोल मॉडेल सहा लाखांचे आणि तेच सीएनजीचे 6.90 लाखांचे आहे. पेट्रोलवर 66,000 रुपये कर, सीएनजीवर 55,200 रुपये. म्हणजे किमतीत 90,000 चा फरक असला, तरी करात 10,800 परत मिळतात आणि खरा फरक 79,200 रुपये उरतो. आता इंधन. पेट्रोल 105 रुपये लिटर आणि सीएनजी 95 रुपये किलो धरू. कंपनीचे मायलेजचे आकडे चाचणीच्या खोलीतले असतात; रस्त्यावर पेट्रोलला 18 आणि सीएनजीला 25 किलोमीटर धरणे जास्त शहाणपणाचे. मग पेट्रोलचा खर्च किलोमीटरला 5.83 रुपये येतो आणि सीएनजीचा 3.80 रुपये. प्रत्येक किलोमीटरला दोन रुपये वाचतात.

या दोन रुपयांतून 79,200 रुपये भरून निघायला सुमारे 39,000 किलोमीटर लागतात. महिन्याला 1,500 किलोमीटर पळणाऱ्याचे पैसे सव्वादोन वर्षांत वसूल होतात, त्यापुढे सगळा नफा. महिन्याला 500 किलोमीटर पळणाऱ्याला मात्र साडेसहा वर्षे थांबावे लागते. तोवर तो डिकीत पिशव्या ठेवायला जागा शोधत असतो आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करून घेत असतो. आपल्या भागातले दर आणि आपले किलोमीटर टाकून हे गणित मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत होते.

एक गोष्ट गणितात येत नाही. टाकी एकदा भरली की छोटी सीएनजी गाडी साधारण 200 किलोमीटर जाते. त्यामुळे रोजच्या वाटेवर पंप आहे का आणि सकाळी तिथे रांग किती असते, हे दोन दिवस स्वतः जाऊन पाहावे. पंपासाठी दहा किलोमीटर वाकडी वाट करावी लागणार असेल, तर बचतीतला मोठा भाग तिथेच जातो.

डिझेलचा विषय आता थोडक्यात संपतो. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 नियम आले, मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या आणि स्वस्त छोटी डिझेल कार जवळपास इतिहासजमा झाली. नव्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. रोज घर ते शेत तीन किलोमीटर एवढाच वापर असेल, तर फिल्टर चोंदतो आणि बिल मोठे येते. सात-आठ माणसे, वर सामान आणि खराब रस्ता हे रोजचेच असेल, तर नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्रा बोलेरो अजूनही विचारात घेण्यासारखी. ती चार मीटरच्या आत आणि दीड लिटर डिझेलची असल्याने 18 टक्क्यांच्या जीएसटीतच बसते. पण ती "परवडणारी पहिली कार" म्हणून नव्हे, कामाची गाडी म्हणून घ्यावी.

पेट्रोलच्या बाबतीत कोपरगावकरांना वेगळे सांगायला नको. तालुक्यातल्या कोळपेवाडीच्या आणि सहजानंदनगरच्या साखर कारखान्यांकडे डिस्टिलरी आहेत, आणि उसापासूनचे इथेनॉल आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे मायलेज काहीसे घटते. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचे पाइप, सील या इंधनाला चालतील असे आहेत. त्याआधीची जुनी गाडी घेताना मात्र इंधनाचे पाइप आणि पंप मेकॅनिककडून पाहून घ्यावेत.

इलेक्ट्रिक गाडी: घरी प्लग कुठे आहे?

इलेक्ट्रिक कारचा चालवण्याचा खर्च खरोखर कमी आहे. एका युनिटला सात किलोमीटर आणि युनिटचा दर दहा रुपये धरला, तरी किलोमीटरला दीड रुपयाच्या आत बसते. राज्यात वाहन करात सूट आहे. ऑगस्ट 2025 पासून समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोलही माफ आहे. रोज ठरावीक 60-70 किलोमीटर जाऊन-येऊन करणाऱ्या आणि स्वतःच्या अंगणात गाडी लावणाऱ्याला ही गाडी शोभते.

अडचण वस्तीवर येते. रात्री वीज किती वेळ असते, दाब किती मिळतो, हे आधी पाहावे. चार्जिंगसाठी चांगले अर्थिंग आणि 15 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागतो. शेतीपंपाच्या जोडणीवर कार चार्ज करणे नियमात बसत नाही; घरगुती मीटरचा भार वाढवून घ्यावा लागतो. घरात ही एकमेव कार असेल आणि अपरात्री नाशिकला पेशंट न्यायची वेळ येऊ शकत असेल, तर बॅटरी 30 टक्क्यांवर असताना काय करायचे, याचे उत्तर आधी ठरलेले असावे.

रस्ता पाहून गाडी

कोपरगावच्या गाडीला तीन प्रकारचे रस्ते रोज भेटतात, आणि तिन्हींच्या मागण्या वेगळ्या आहेत.

पहिला वस्तीचा. काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावर पाऊस पडला की पुढच्या चाकांवर चालणारी कोणतीही छोटी कार अडकते, तिची उंची कितीही असो. शेवटी ट्रॅक्टरच लावावा लागतो. कोरड्या दिवसांत मात्र उंचीचा फायदा कळतो. वॅगनआरचा ग्राउंड क्लिअरन्स 165 मिलिमीटर आहे, क्विडचा 184 आणि पंचचा 187. दोन सेंटिमीटर ऐकायला कमी वाटतात, पण पाच माणसे बसलेली गाडी चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावरून जाताना खाली घासते की नाही, ते तेवढ्यावरच ठरते.

दुसरा नगर-मनमाड रस्ता. खड्डे, अवजड ट्रक आणि शिर्डीची वर्दळ. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या, त्यातल्या कित्येकांना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. इथे टचस्क्रीनपेक्षा चांगले हेडलाइट आणि चांगले ब्रेक उपयोगी पडतात. म्हणून टेस्ट ड्राइव्ह एकदा अंधारात मागावी. शोरूमवाला कुरकुर करील, पण देईल.

तिसरा समृद्धी महामार्ग. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी आणि मे 2023 मध्ये शिर्डी ते भरवीर हा टप्पा सुरू झाला. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कोकमठाणजवळून त्यावर चढता येते आणि कारला 120 किलोमीटर वेगाची मुभा आहे. कालपर्यंत ताशी साठने चालणारी घरातली छोटी गाडी त्यामुळे दुप्पट वेगाच्या रस्त्यावर आली. या रस्त्याने वर्षातून दोनदाही जाणार असाल, तर सुरक्षेचे तारे पाहणे हा शहरी चोचला राहत नाही.

ग्लोबल एनकॅपच्या 2023 च्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी वॅगनआरला एक आणि ऑल्टो के10 ला दोन तारे मिळाले होते. तेव्हा या गाड्यांत दोन एअरबॅग होत्या. 2025 पासून दोन्हींत सहा एअरबॅग सर्व मॉडेलांत आल्या. टियागोला 2020 मध्ये चार, पंचला 2021 मध्ये पाच आणि नव्या डिझायरला 2024 मध्ये पाच तारे मिळाले. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही देशाची स्वतःची चाचणीही सुरू आहे. एअरबॅगची संख्या आणि तारे ही एकच गोष्ट नव्हे: तारे देताना गाडीचा सांगाडा धडकेत किती टिकतो, हेही पाहिले जाते. आणि मागच्या सीटवरच्या आजीने पट्टा लावला नसेल, तर पाच ताऱ्यांचाही उपयोग नाही.

हप्ता महिन्याला, उसाचे पैसे हंगामाला

शहरातल्या पगारदारासाठी लिहिलेले कार कर्जाचे सल्ले इथे अर्धेच लागू पडतात. पगार दर महिन्याला येतो. उसाचे बिल गाळप झाल्यावर येते. कायद्याने 14 दिवसांत यायला हवे, पण उत्पादकाला वाट पाहणे नवे नाही. कांद्याचा भाव तर सांगूनच सोय नाही. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो, आणि खात्यात पैसे नसले की दंड लागतो, सिबिल स्कोअर घसरतो. पुढे पीककर्ज किंवा मुलाचे शैक्षणिक कर्ज मागताना हाच घसरलेला आकडा आडवा येतो.

म्हणून शेतकरी कुटुंबाने बँकेत पहिला प्रश्न व्याजदराचा नव्हे, तर सहामाही हप्त्याचा विचारावा. ट्रॅक्टरसाठी ही सोय नेहमीची आहे. शेतकऱ्याच्या कारसाठीही काही बँका आणि फायनान्स कंपन्या ती देतात. मिळत नसेल, तर निदान सहा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय गाडी बुक करू नये.

दुसरा प्रश्न मुदतीचा. पाच लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 10,380 रुपये आणि एकूण व्याज 1.23 लाख. तेच सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता 8,045 वर येतो, पण व्याज 1.76 लाख होते. हप्ता हलका करायची किंमत 53,000 रुपये.

तिसरा प्रश्न सर्वात महाग पडतो. "9 टक्के" म्हणजे घटत्या शिलकीवर की फ्लॅट? फ्लॅट 9 टक्क्यांनी पाच लाखांवर पाच वर्षांचे व्याज 2.25 लाख होते आणि हप्ता 12,083 रुपये. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर पावणेसोळा टक्क्यांच्या आसपास जातो. तोंडी सांगितलेल्या टक्क्यांवर विसंबू नये; एकूण किती रुपये परत करायचे, तो आकडा लिहून घ्यावा.

आता सगळे एकत्र करून पाहू. पाच लाखांचे कर्ज, महिन्याला 500 किलोमीटर. हप्ता 10,380, पेट्रोल 2,900, विमा महिन्याला 1,500, सर्व्हिस आणि टायर 1,000. बेरीज पावणेसोळा हजारांच्या घरात, म्हणजे किलोमीटरला 31 रुपयांहून जास्त. भाड्याची गाडी 15 रुपये किलोमीटरने धरली, तरी हेच 500 किलोमीटर साडेसात हजारांत होतात. महिन्याला 1,500 किलोमीटर पळणाऱ्याचा स्वतःच्या गाडीचा खर्च मात्र किलोमीटरला 15 रुपयांच्या आसपास येतो.

याचा अर्थ कमी फिरणाऱ्याने गाडी घेऊच नये असा नाही. रात्री दोनला छातीत दुखू लागले तर भाड्याच्या गाडीला फोन लावत बसावे लागत नाही, ही सोय रुपयांत मोजता येत नाही. पण त्या सोयीसाठी सात लाखांची गाडी लागत नाही, चालू अवस्थेतली अडीच लाखांचीही पुरते. सात सीटच्या गाडीचा हट्ट जिथून येतो, ते पंढरपूर, लग्नसराई किंवा दिवाळीचे माहेर वर्षातून पाच-सहा दिवसांचे असते. त्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने आणणे कितीतरी स्वस्त.

जुनी गाडी घेताना

विम्यात गाडीची किंमत दर वर्षी ठरावीक प्रमाणात घटवतात: दुसऱ्या वर्षी 20 टक्के, पाचव्या वर्षी 50 टक्के. बाजारभाव यापेक्षा थोडा इकडे-तिकडे असतो, पण अंदाज यावरून येतो. चार-पाच वर्षांच्या गाडीची निम्मी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. कमी फिरणाऱ्यासाठी हाच सर्वात फायद्याचा सौदा, फक्त गाडी नीट तपासलेली हवी.

मीटरवर विश्वास ठेवू नये. तो मागे फिरवता येतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहास मागावा, तिथे प्रत्येक सर्व्हिसचे किलोमीटर नोंदलेले असतात. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची झिजलेली कड खरे बोलतात. 30,000 किलोमीटर पळालेल्या गाडीचे पेडल गुळगुळीत नसते. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली, तरी इतका जुना टायर घेऊन समृद्धीवर जाऊ नये. सीटखालचे गालिचे उचलून चिखल किंवा गंज दिसतो का पाहावा. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन विकल्या जातात.

शिर्डी जवळ असल्याने इथे आणखी एक गोष्ट तपासावी लागते. भाविकांची ने-आण करणाऱ्या टॅक्सी दिवसाला शेकडो किलोमीटर पळतात, आणि टॅक्सीची नोंद बदलून ती पांढऱ्या पाटीवर विकता येते. गाडी आधी टॅक्सी पासिंगची होती का, मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून आणि एमपरिवहन ॲपवरून कळते. दिल्लीची स्वस्त गाडी मिळते म्हणून भुलण्याआधी तिचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रात पुन्हा भरावा लागणारा कर किमतीत मिळवावा.

खासगी कारची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर ती पाच वर्षांसाठी वाढवता येते, पण एप्रिल 2022 पासून त्याचे शुल्क 600 वरून 5,000 रुपये झाले आहे. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीवर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे ना, तेही पाहावे. तेरा वर्षांची गाडी "फक्त 90 हजारांत" मिळते ती या दोन-तीन खर्चांसह किती पडते, ते मांडून पाहावे.

पैसे दिले, चावी घेतली म्हणजे गाडी आपली झाली असे नाही. कोपरगाव तालुका श्रीरामपूरच्या एमएच-17 कार्यालयाखाली येतो. तिथे फॉर्म 29 आणि 30 देऊन नाव बदलावे लागते. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 आधी हवा. विमाही स्वतःच्या नावावर करून घ्यावा, आणि विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही हे लक्षात ठेवून. विकणाऱ्यानेही 14 दिवसांत विक्री कळवावी, कारण नाव बदलेपर्यंत अपघात झाला तर नोटीस जुन्या मालकाच्या घरी येते.